खिशात राहिलेला कागद

परलाद गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या बाजारात अर्धापूरची केळी घेत होतो. त्याच्याकडेच निघालो होतो... वर्षातून दोनदा तरी बोरवाडीला जायचो, आणि जाताना केळी न्यायची हा आमचा रिवाज. फोनवर त्याची मुलगी होती. "काका, बाबा सकाळी गेले. तुम्ही आज येऊन राहिले होते ना?" एवढंच बोलली. फळवाला तोवर केळी बांधून मोकळा झाला होता. त्याला नको म्हणावं की काय करावं, ते सुचेना. मी केळी घेतली आणि लातूर, मुरुड करत सहा तास मांडीवर धरून बसलो. पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

पुढे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. बुद्धवंदना झाली, गावातली माणसं एकेक उठून बोलली. मला बोलायला उभं करताना सूत्रसंचालन करणाऱ्या मास्तरांनी ओळख करून दिली, "हे परलाददादांचे मुरुडचे मित्र. आपल्या बोरवाडीच्या संघासाठी त्या काळी मिटिंगीत एकटे भांडले ते हेच." लोकांनी माना डोलावल्या. मी उभा राहिलो, परलाद मनानं फार मोठा होता असं काहीतरी बोललो आणि खाली बसलो. जे बोलायला हवं होतं ते ओठाशी आलं होतं... तिथेच राहिलं. म्हणून हा लेख.

परलाद आणि मी एकमेकांच्या ओळखीचे झालो ते जाळीच्या दोन बाजूंना उभे राहून. आमच्याकडे तेव्हा शूटिंग व्हॉलीबॉलचं वेड होतं. सात-सात गडी, दोन्ही हात जोडून चेंडू जाळीपलीकडे हाणायचा. ना बूट लागत, ना मैदान सपाट लागत. मी मुरुडच्या संघात, तो दोन कोसांवरच्या बोरवाडीचा कप्तान. मुरुड बाजाराचं गाव. आमच्याकडे चांगली जाळी, नवा चेंडू, सामन्याला चहा. बोरवाडीच्या पोरांकडे सुतळीची जाळी आणि बाभळीचे दोन खांब. तरी ते आम्हाला हरवायचे, आणि दरवेळी हरवायचे. परलाद अंगानं बुटका. खेळाआधी जाळीखाली उभा राहून हात वर करायचा आणि दोरी बरोबर मनगटाला लागेल अशी बांधायचा. "माझं मनगट म्हंजे सरकारी माप हाय," असं तो आम्हाला चिडवायचा. हरल्यावर मी चिडून घरी निघालो की तो सायकल हातात धरून माझ्यासोबत सडकेपर्यंत चालत यायचा. माणसाला गाडीत बसवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. गाडी वळणाआड जाईपर्यंत सडकेकडेच्या लिंबाखाली उभा.

मग लातूर वेगळा जिल्हा झाला. तोवर आमच्या स्पर्धा उस्मानाबादच्या जुन्या जिल्ह्यात व्हायच्या. आता सगळं नव्यानं मांडायचं होतं. खेळाची नवी जिल्हा समिती झाली आणि अक्षर चांगलं म्हणून मला चिटणीस केलं. मी तेवीस वर्षांचा. ठरलं असं, की पूर्व गट आणि पश्चिम गट पाडायचे, प्रत्येक गटातून एक संघ वर काढायचा आणि त्या दोघांचा शेवटचा सामना लातूरला, नव्या जिल्ह्याचा पहिला. अडचण एकच होती. पश्चिमेला नऊ संघ होत होते, पूर्वेला सात. एक संघ उचलून पूर्वेला, म्हणजे उदगीर-अहमदपूरच्या बाजूला टाकायचा होता.

ही गोष्ट परलादच्या कानावर कशी गेली कोण जाणे. बैठकीच्या आदल्या दिवशी तो मुरुडला आला. समितीत बोरवाडीचा कोणी नव्हता, त्याला आत बसता येणार नव्हतं. शाळेच्या वहीतून फाडलेला एक कागद त्यानं माझ्या हातात दिला. एस.टी.च्या स्टँडवर दोन दिवस बसून, कंट्रोलरला विचारून विचारून त्यानं तो लिहिला होता. प्रत्येक गावाहून पहिली गाडी कधी, परतीची शेवटची कधी, कुठून कुठे जाऊन पोरं त्याच दिवशी माघारी येऊ शकतात. त्याचं म्हणणं, संघ हलवायचाच तर लातूर शहरातला हलवा. त्यांना दारात सगळ्या गाड्या आहेत. खेड्यातला हलवू नका. खाली शेवटच्या ओळीत लिहिलं होतं : "पोरांना त्याच दिवशी घरी येता आलं पाहिजे."

"तेवढा वाचून दाखव," तो म्हणाला. "माझं नाव नगं घेऊ. नाव घेतलं की कागद कोणी ऐकणार न्हाई."

मी हाव म्हटलं.

दुसऱ्या दिवशी लातूरच्या एका शाळेच्या खोलीत बैठक झाली. कागद माझ्या सदऱ्याच्या खिशात होता. चर्चा लांबली, मंडळी कंटाळली, जेवणाची वेळ झाली. अध्यक्ष म्हणाले, "चिटणीस, तुम्ही तिकडचे. तुम्हीच सांगा, कोणता संघ काढायचा?" सगळे माझ्याकडे बघत होते. बोरवाडी पश्चिमेत राहिली तर मुरुड कधीच वर जाणार नाही, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मला लातूरच्या मैदानावर उभं राहायचं होतं. बस, इतकंच. एवढ्या क्षुल्लक गोष्टीसाठी... मी म्हणालो, "बोरवाडी."

का, असं कोणी विचारलंही नाही. शहरातल्या किंवा आमच्या मुरुडच्या संघाचं नाव घेतलं असतं तर दहा जण उठून भांडले असते. बोरवाडीचा संघ म्हणजे बौद्ध वस्तीतली पोरं; त्यांच्यासाठी उठणारं त्या खोलीत कोणी नव्हतं. मी जात मनात आणली नव्हती असं स्वतःला इतकी वर्षं सांगत आलोय. पण कोणाचं नाव घेतलं तर कोणी उठणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग मनात आणायचं बाकी काय राहिलं?

त्याच साली दुष्काळ पडला. बोरवाडीची विहीर आटली, पोरं रोजगार हमीवर पाझर तलावाच्या कामाला लागली. दिवसभर खडी फोडायची, त्यात उदगीरकडचा सामना म्हणजे दोन दिवसांची हजेरी बुडणार. जायला एक दिवस, आणि शेवटची गाडी सामना संपायच्या आतच निघून गेलेली. पहिल्या सामन्याला ते भाकरी बांधून गेले, स्टँडवर झोपले आणि जिंकून आले. दुसऱ्याला पाचच जण पोचू शकले. सातांचा खेळ पाचांना खेळू दिला नाही. तिसऱ्याला कोणीच गेलं नाही. दोनदा संघ उतरला नाही की नाव काढायचं, असा नियम होता. नाव काढल्याचं पत्र चिटणिसानं लिहायचं असतं. ते मी लिहिलं. चांगल्या अक्षरात.

पत्र घेऊन परलाद मुरुडला आला. हाताला खडीनं फोड आलेले. ओट्यावर बसला, पाणी प्याला. मला वाटलं आता तो शिव्या देईल. दिल्या असत्या तर मी सुटलो असतो.

"पोरं खडी फोडून राहिलीत. कोणाला धाडू?" तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तू कागद वाचला व्हता ना?"

"वाचला. न्हाई ऐकलं कोणी."

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बास. तू बोललास, लई झालं."

आम्ही पश्चिमेतून वर गेलो. लातूरच्या सामन्याला परलाद आला होता, हजेरी बुडवून. आमच्या बाजूनं ओरडून ओरडून त्याचा घसा बसला. आम्ही हरलो. परतीच्या गाडीत तोच एकटा मला समजावत होता, पुढच्या साली बघू म्हणून. पुढच्या साली बोरवाडीचा संघ राहिलाच नाही. दोघं पुण्याला बांधकामावर गेले, एक सुरतेला, बाकीचे असेच पांगले. मला नांदेडला सरकारी कचेरीत नोकरी लागली. परलाद गावच्या शाळेत शिपाई झाला आणि रोज शाळा सुटली की मैदानावर जाळी बांधत राहिला. खेळायला कधी चार जण यायचे, कधी कोणीच नाही. तो बांधायचा, अंधारून यायच्या आत सोडून घडी करून ठेवायचा.

सांगायच्या संधी आल्या नाहीत असं नाही. त्याच्या मुलीच्या लग्नात, त्याच्या आजारपणात, लिंबाखाली गाडीची वाट बघताना तर दरवेळी. पण तो गावात नव्यानं आलेल्या माणसालाही माझी ओळख करून द्यायचा, "ह्यानं माझा कागद वाचला व्हता." ते ऐकलं की मी दुसराच विषय काढायचो. गेल्या वेळी ठरवूनच गेलो होतो. तो खाटेवर होता. मी "परलाद, त्या कागदाचं..." एवढं म्हणालो. तो हसून म्हणाला, "आता ते काय काढतो बाबा. केळं सोलून दे." मी केळं सोलून दिलं.

कार्यक्रमाची माणसं पांगल्यावर मी परलादच्या बायकोपाशी, सुमनवहिनींपाशी बसलो. त्या ज्वारी निवडत होत्या. पाकिटातून तो कागद काढला. घड्यांवर विरलाय, पण अक्षरं दिसतात. त्यांना पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "हाव, हाच. लई सांगायचे ह्याचं." मग मी सांगितलं, की हा आज पहिल्यांदा वाचला जातोय. आणि बोरवाडीचं नाव मीच घेतलं होतं.

त्यांचा हात सुपात थांबला. मी कागद त्यांच्यापुढे धरला.

"तुमच्यापाशीच ठेवा, भाऊजी," त्या म्हणाल्या. हात पुन्हा ज्वारीतून फिरायला लागला. थोड्या वेळानं, वर न बघता... "शेवटची गाडी साडेपाचला हाय. उठा आता."

शाळेवरून आलो. जाळी बांधलेली होती. तो आजारी पडल्यापासून ती कोणी सोडलीच नसावी. मी खाली उभा राहून हात वर केला. दोरी माझ्या कोपराच्या जवळ आली. सडकेवर लिंबाखाली मी एकटाच होतो. गाडी आली, मी चढलो, खिडकीपाशी बसलो आणि सवयीनं वळणापर्यंत मागे बघत राहिलो.