डिकीतला दिवा
बॅटरीच्या अ‍ॅसिडचा वास आला की संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातली ठाकूरद्वारची एक दुपार आठवते. आदल्या दिवशी मी शेजारच्या डॉक्टरांच्या मोटारीत डिकीचा दिवा घरच्या घरी बसवला होता. नाक्यावर गोळीबार झाला. वाडीतल्या शिंपीकाकांना लोकांनी रक्तबंबाळ उचलून आणलं. "बसा लवकर!" डॉक्टर ओरडले, पण इंजिन नुसतं कण्हलं. हँडल मारून, ढकलून गाडी सुरू होईपर्यंत बराच वेळ गेला. इस्पितळाच्या वाटेवर काका माझ्या मांडीवरच गेले. संध्याकाळी डिकी उघडली, तर दिवा मिणमिणत होता. स्विच सोडून मी वायर थेट बॅटरीलाच जोडली होती; दिवा कालपासून जळतच होता. ती वायर मी गुपचूप तोडली. "बॅटरीच जुनी झाली होती रे," डॉक्टर म्हणाले. मी मान डोलावली. काकांची मुलगी आजही भेटली की म्हणते, "दादा, बाबांसाठी किती धावलात तुम्ही!"