बारकीची मुलाखत आणि माझ्या अटी

जळालेली मोटर कुणाकडे न्यायची असं आमच्या भागात कुणालाही विचारा, माझंच दुकान दाखवतील. शाळा आठवीतच सोडली, पण मोटर नुसती फिरवून आत काय गेलंय ते सांगतो. माझ्याहून भारी हात एकच, माझ्या धाकट्या बहिणीचा. सव्वीस वर्षांची घोडी झाली तरी आम्ही तिला बारकीच म्हणतो. नऊ वर्षं माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून तिने तांब्याची तार गुंडाळली. तिने तार भरलेली मोटर परत आली असं एकदाही झालं नाही. शिकवलं कुणी? मीच.

तर पंप बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्यातून तिला मुलाखतीला बोलावलं. बसने अकरा तास. पाठवायचं माझ्या मनात अजिबात नव्हतं. पण तोंडावर नाही म्हणून बहिणीची वाट अडवणारा भाऊ मी नाही. म्हणून डोकं लढवलं. अटीच अशा घालायच्या, की साहेबानेच नाही म्हणावं.

आठवडाभर दुकानात तालीम केली. साहेब मीच.

"पगार किती पाहिजे?"

"तुम्ही द्याल तो."

"अगं येडे! फुकटात राबवतील. ते सांगतील त्यावर पाच हजार जास्त माग. हातात किती पडणार ते विचार, कागदावरचा आकडा नको. राहायला खोली, आठवड्याची सुट्टी पक्की, जादा कामाचे दुप्पट. आणि तारेवर वार्निश कुठे मारतात ते आधी बघायचं. वास बाहेर फेकणारा पंखा नसेल तर हात लावणार नाही म्हणायचं."

बायको चहा घेऊन आली होती. "वा! आणि आपल्या दुकानात कुठाय हो तो पंखा? तीन वर्षं खोकतेय पोरगी."

"तू मध्ये बोलू नकोस."

बारकी खाली बघून हसली, आणि हसता हसता खोकली.

मुलाखतीच्या दिवशी मी कारखान्याच्या गेटवर थांबलो. माझी बहीण कोण आहे ते वॉचमनला दोनदा सांगून झालं. दोन तासांनी ती जवळजवळ धावतच आली.

"काय गं, नाही म्हणाले ना?"

"दादा, हो म्हणाले! जळकी मोटर पुढ्यात ठेवली. मी उघडून बिघाड सांगितला, तर साहेब खुर्चीतून उठून बघायला आले. मग तुझ्या अटी सांगितल्या. पाच नाही, तीन हजार वाढवतो म्हणाले. बाकी सगळं कबूल. कामाला पाठ टेकायची खुर्ची आहे रे! आणि वार्निशच्या खोलीत चार पंखे. आत उभी राहिले तरी डोळ्यांत पाणी आलं नाही."

"पाच म्हटलं होतं मी."

"हो. कागद आत आहे, चार वाजेपर्यंत सही करायची. तू म्हणशील तसं करते."

ती नुसतं म्हणायला म्हणत नव्हती. माझा शब्द तिने कधी मोडला नाही. दोन हजार कमी पडले, असं मी म्हटलं असतं तर सोमवारी ती माझ्या शेजारी बसली असती. कुणी मला नावंही ठेवली नसती. शब्द ओठांवर आला होता. पण तिचे डोळे बघितले. माझ्या दुकानात ते कायम लाल असायचे, आणि मी म्हणायचो, जागरण करतेस.

"जा, सही कर," मी म्हटलं. "आणि वाचून कर. घाई नको."

"तू रडतोयस का?"

"ऊन आहे. जा म्हटलं ना!"

त्याला पाच महिने झाले. गिऱ्हाईक विचारतं, बारकी कुठाय? मी छाती काढून सांगतो, कारखान्यात सहा जणी तिच्या हाताखाली शिकतात. सांगून झालं की दुकान फार शांत होतं. परवा तारेचं टोक धरायला मी तिला हाक मारली. बाकावर बसलेलं गिऱ्हाईक माझ्याकडे बघत राहिलं.

रविवारी तिचा फोन येतो. खोकला गेलाय. मागच्या वेळी म्हणाली, "दादा, इथे कुणी ओरडत नाही रे माझ्यावर."

"मग बरंय की."

"हो. बरंय."

बोलणं तिथंच संपलं. फोन ठेवू का, असं मात्र कुणीच म्हणेना.