छोट्या ट्रॅक्टरला बसवलेला शंख

आमच्या यांना स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. नवऱ्याला 'हे' म्हणायची आमच्या पिढीची सवय, ती इथंही सुटणार नाही. जेवतानासुद्धा यांचा एक पाय हलत असायचा. कोल्हापुरात एका इंजिनाच्या कारखान्यात हे लेथवर होते, पण सगळा जीव कसबा बावड्याच्या आमच्या मळ्यातल्या छोट्या डिझेल ट्रॅक्टरमध्ये अडकलेला. तो ट्रॅक्टर मुळात बागेत, झाडांच्या ओळींतून फिरायला केलेला. सपाटीवर अगदी गुणी बाळ. नदीकडच्या रानातून भरलेली ट्रॉली घेऊन रस्त्यावर चढायचं म्हटलं की मात्र मध्यावर धापा टाकून बंद पडायचा. मग शेजारच्या मळ्यातले बैल आणून ओढून घ्यायचा. बैलांचा मालक हसत हसत दावं बांधायचा, आणि हे त्या दिवशी नीट जेवायचे नाहीत.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. भंगारात यांना एका परदेशी यंत्राचा टर्बोचार्जर सापडला. लोखंडाचा, गोगलगाईसारखा वळसा घेतलेला. माझ्या सासऱ्यांनी बघताक्षणी त्याचं नाव शंख ठेवलं आणि पुढं सगळे तेच म्हणू लागले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर त्यातलं एक चाक फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा इंजिनात कोंबतं, हवा वाढली की जास्त डिझेल जाळता येतं आणि ताकद वाढते. त्या दांड्याला तेल इंजिनातलंच. एका नळीनं वर जायचं, दुसरीनं परत इंजिनाच्या तळाशी, तेलाच्या चेंबरात यायचं. मला हे सगळं तोंडपाठ, कारण ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. भाकरी थापता थापता मी हं हं करत ऐकायची.

त्या शंखापायी यांनी बिनपगारी रजा काढली. नळ्या कापल्या, जोडल्या, पुन्हा कापल्या. रजा लांबत गेली, तसा कारखान्याच्या मालकानं निरोप धाडला: बेंदराच्या सणानंतरच्या सोमवारी आला नाहीत तर लेथवर दुसरा माणूस बसेल. पोरं शाळेत, घर त्या पगारावर. माझा जीव टांगणीला लागला. आमटीत मीठ दोनदा पडायचं, नाही तर पडायचंच नाही. काही कारण नसताना मी गोठ्यापर्यंत जाऊन यायची आणि उघडं पडलेलं ते इंजिन बघून जास्तच चिडायची.

शेवटी एकदा मीच बोलले. "बेंदरादिवशी भरली ट्रॉली चढली तर चढली. न्हाय तर शंख काढायचा आणि सोमवारी गुमान कामावर जायचं."

"कबूल," हे म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की मला धाकधूक वाटली.

बेंदराच्या आदल्या दिवशी रिकामी ट्रॉली सुसाट चढली. शंखातून शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता. यांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

बेंदूर म्हणजे बैलांचा सण. आमच्याकडं बैल उरले नव्हते, म्हणून मान ट्रॅक्टरचा. सासऱ्यांनी सकाळीच त्याला धुतला, बैलांच्या शिंगांना बांधतात तशा तळलेल्या कडाकण्या पुढच्या दिव्यांना बांधल्या. मी पाटावर नैवेद्य मांडला, पोळी दाखवली. उघडीप होती, शेजारच्या मळ्यातली माणसंही जमली. मातीनं भरलेली ट्रॉली मागं उभी होती. पूजा आटोपली आणि यांनी इंजिन चालू केलं.

आधी ठीक होतं. मग निळा धूर यायला लागला, आणि कुणी हात न लावता आवाज चढायला लागला. यांनी बंद करायची दांडी ओढली. बंद होईना. डिझेलचा कॉक फिरवला, नळीच सोडवली. डिझेल मातीत गळायला लागलं आणि इंजिन तरीही किंचाळत वर वर चाललेलं. कडाकण्या फुटून खाली पडल्या. सासरे "मागं सरा" म्हणून ओरडत होते. हे मात्र नळी हातात धरून नुसते उभे. कधी नव्हे ते हलत नव्हते.

मी नैवेद्याचं ताट खाली ठेवून पाट घरात न्यायला उचलला होता. हवा तोडली की कसलंही इंजिन मरतं, हे मी चुलीपुढं कितीदा ऐकलेलं. शंखाच्या हवा ओढणाऱ्या तोंडावर जाळी अजून बसवायची होती, तोंड उघडंच होतं. मी धावले आणि पाट त्यावर दाबला. आतून असा काही ओढला गेला की माझे दोन्ही हात खांद्यापर्यंत थरथरले. इंजिन दोन आचके देऊन मेलं.

यांनी तेलाची पट्टी काढून बघितली. तेल खुणेच्या कितीतरी वर. "तेल कुणी घातलं?"

"म्या," सासरे म्हणाले. "बेंदरादिवशी बैलाला तेल-अंडी पाजत्यात. ह्याला अंडी सोसायची न्हाईत, म्हणून नुसतं तेल पाजलं. पोटभर."

चेंबर काठोकाठ भरलेलं. शंखातलं तेल खाली उतरायला जागाच नाही. ते हवेच्या वाटेनं इंजिनात गेलं आणि इंजिन तेच पिऊन पळत सुटलं. म्हणजे यांच्या कामात काडीची चूक नव्हती. ते यांना कळलं, मलाही कळलं. ती ओढ अजून माझ्या तळव्यांत होती, आणि कसं सांगू, मला ती आवडली होती.

"जास्तीचं तेल काढा," मी म्हटलं, "आणि परत चालू करा."

यांनी पाना हातात घेतला होता. शंखाचे बोल्ट सैल करत होते. "न्हाय."

"अजून दिवस सरला न्हाय. चढ तिथंच हाय की."

"पाट होता म्हणून निभावलं. नुसता हात लावला असतास तर?"

"लावला न्हाय की."

"बोटं ऱ्हायली नसती." माझ्या हातांकडं बघत हे म्हणाले, "चढ ऱ्हाऊ दे आता."

मला संताप आला. मी यांना भित्रे म्हणाले, सासऱ्यांच्या देखत म्हणाले. यांनी ऐकून घेतलं आणि एकेक बोल्ट काढत राहिले. इतके दिवस मला हेच हवं होतं. आता मिळालं तर माझ्या बोटांपायी, आणि ते मला सोसेना.

सोमवारी मी डबा भरून दिला. यांनी सायकलला अडकवला, पोरांना हाक मारून निघाले. वळणापर्यंत मी बघत राहिले. हाक मारून परत बोलवावं, शंख पुन्हा बसवा म्हणावं, असं फार वाटलं. पोरांच्या शाळेची वेळ झाली होती, म्हणून आत गेले.