मामंजींच्या ट्रॅक्टरचा रेडिएटर

माझे सासरे वकील होते. गिरगावातल्या आमच्या वाडीत त्यांना मोठा मान होता. तो कशाबद्दल होता, हे इतकी वर्षं त्यांच्या घरात राहूनही मला कळलं नाही. पनवेलकडे त्यांची वडिलोपार्जित भातशेती होती. ती एक कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या कसत होतं. मामंजी वर्षातून एकदा जात, बांधावर उभ्याउभ्या चहा घेत आणि बुटांना चिखल न लागू देता परत येत.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. वाडीत सभा असली की अध्यक्ष बहुधा मामंजीच. ज्यांच्या घामावर मुंबई उभी राहिली, त्या कष्टकऱ्यांचीच ती, असं दोन्ही हात वर करून सांगत. टाळ्या पडत. मीही सुरुवातीला वाजवल्या. त्याच सुमारास कसणाऱ्याला जमीन मिळण्याचा कायदा आला. मालकाला जमीन ठेवायची तर आपण ती स्वतः कसणार, हे मामलेदाराला पटवून द्यावं लागे. मामंजींनी ते पटवून द्यायचं ठरवलं आणि त्यासाठी चक्क ट्रॅक्टर विकत घेतला.

परळच्या एका गिरणीत कापसाच्या गाठी ओढून थकलेलं ते जुनं विलायती धूड होतं. गिरणीने मोडीत काढलं, ते मामंजींनी आणलं. परळहून गिरगावात येईपर्यंत ते जागोजागी थांबलं आणि दर वेळी भाताच्या पातेल्यासारखं उतू गेलं. वाडीच्या तोंडाशी पोहोचलं तेव्हा मागे निम्मी गल्ली हसत चालत होती. मामंजी पुढे चालत होते. लोक स्वागताला जमले आहेत, अशी त्यांची समजूत झाली असावी.

दुसऱ्या दिवशी लालबागहून मेकॅनिक आला. त्याने बघितलं आणि सांगितलं, "साहेब, रेडिएटर लॉरीचा आहे. कुणीतरी तारेने बांधून बसवलाय. पंख्याचा वारा अर्ध्यालाच लागतो, म्हणून पाणी उकळतं. शिवाय खालच्या बाजूला फुटलेलाही आहे."

"ते मला दिसतंय," मामंजी म्हणाले. दिसत तर सगळ्यांनाच होतं. बॉनेट बंद होत नव्हतं आणि तो रेडिएटर दुसऱ्याच्या मापाच्या टोपीसारखा पुढे बसला होता. "मामलेदारासमोर अर्धा तास चालला की झालं."

मेकॅनिकने चोरबाजार पालथा घालून योग्य मापाचा रेडिएटर शोधून आणला. जुना उतरवला, नवा बसवला, नळ्या जोडल्या. ट्रॅक्टर सुरू केला तेव्हा वाडीतल्या सगळ्या खिडक्या थरथरल्या, पण पाणी उकळलं नाही. लगेच फोटोवाल्याला बोलावणं गेलं. धोतर, काळा कोट, टोपी आणि कोटाला चळवळीचा बिल्ला, अशा थाटात मामंजी ट्रॅक्टरवर चढले. त्यांना वर चढवायला दोन माणसं लागली. स्टिअरिंग त्यांनी दोन बोटांनी धरलं होतं, तेल लागू नये म्हणून.

उतरवलेला रेडिएटर अंगणात विहिरीपाशी पडून होता. भंगारवाल्याला देऊन टाकावा, असं मी म्हटलं.

"सूनबाई, तुला व्यवहार कळत नाही," मामंजी म्हणाले. "चांगली वस्तू आहे. वाटीभर हळद आण आणि गरम पाणी."

मी आणली. त्यांनी हळद पाण्यात कालवून आत ओतली आणि रेडिएटर हलवत बसले. हळद फुगून भोकात बसते आणि गळती थोडा वेळ थांबते, हे कुठूनतरी त्यांच्या कानावर आलं होतं. मग घरातल्या नोकराकडून त्याला काळा रंग मारून घेतला. कोर्टात उभ्या जन्मात त्यांनी एखाद्या अशिलासाठी इतकी मेहनत घेतली नसेल.

गिऱ्हाईक म्हणून आला तो लालबागचा लॉरीवाला. मूळचा मालवणचा, स्वतःची एकच लॉरी, तिचा रेडिएटर गेलेला. त्याला मी ओळखत होते. शिवाजी पार्कच्या सभेला वाडीतल्या आम्हा बायकांना तोच घेऊन गेला होता. बसायला स्वच्छ पोती अंथरली होती आणि भाड्याचं नाव काढलं तर म्हणाला होता, "सभेक जाताना भाडा कसला?" मामंजी त्या दिवशी ड्रायव्हरशेजारी बसून गेले होते.

तो आला तेव्हा मी चहा घेऊन अंगणात गेले. मामंजी रेडिएटरवर हात फिरवत म्हणत होते, "आपला माणूस म्हणून तुला देतोय. मुळात लॉरीचाच, अगदी कोरा. हे बघ, पाणी भरून ठेवलंय सकाळपासून, एक थेंब नाही गळला."

लॉरीवाला भाबडेपणाने मान डोलवत होता. 'वकीलसायब' सांगतात म्हटल्यावर त्याने झाकणही उघडून पाहिलं नव्हतं. शेजारी माझे यजमान उभे होते. त्यांना सगळं ठाऊक होतं. ते पेपर वाचत होते.

मला राग आला असता तर बरं झालं असतं. राग माणसाचा येतो. मला फक्त शिसारी आली. मी कप लॉरीवाल्याच्या हातात दिला आणि शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "मामंजी, सकाळी वाटीभर हळद दिली ती पुरली का? की अजून लागेल?"

मामंजींचा हात रेडिएटरवरच राहिला. यजमानांनी पेपराचं पान उलटलं.

"हळद?" लॉरीवाला म्हणाला. त्याने कप विहिरीच्या कठड्यावर ठेवला, खाली वाकला आणि रेडिएटरची पाणी सोडायची चावी उघडली. पिवळंधमक पाणी फरशीवरून वाहत मामंजींच्या चपलांपर्यंत गेलं.

"हिची स्वैपाकघरातली काहीतरी गैरसमजूत झालीय," मामंजी म्हणाले.

लॉरीवाल्याने चहा संपवला, कप स्वतः विसळला आणि माझ्या हातात दिला. "बाय, चाय बरी हा," म्हणाला. दिंडीदरवाजापर्यंत जाऊन मागे वळला. "वकीलसायब, उद्या सभेक चलत येवा."

त्या रात्री घरात मला पुष्कळ ऐकावं लागलं. कुळाची अब्रू, सुनेची पायरी, माहेरचे संस्कार. यजमान म्हणाले, "तू आत जाऊन विचारायचंस ना!" त्यांना तेवढंच सुचलं. रेडिएटर शेवटी भंगारवाल्याने नेला. आतून पिवळं पाणी ठिबकत होतं म्हणून त्याने गोणपाटात गुंडाळून नेला आणि जाताना कुरकुरला.

पनवेलला चौकशी झाली तेव्हा मेकॅनिकने ट्रॅक्टर शेतावर नेला होता. नव्या रेडिएटरने काम चोख केलं, एवढं मी त्याच्या बाजूने सांगेन. मामलेदाराने फोटो पाहिला, ट्रॅक्टर पाहिला आणि मामंजींना म्हणाला, "बसा, जरा चालवून दाखवा." मामंजींनी मेकॅनिककडे बोट दाखवलं. "ते नाही, तुम्ही. स्वतः कसणार ना?" मामंजी कसेबसे चढले, कुठलातरी दांडा ओढला आणि ट्रॅक्टर मागे जाऊन बांधावरून घसरला. शेत कसणाऱ्यांच्या घरातल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. हे सगळं मेकॅनिकने परत येऊन आम्हाला सांगितलं. मामंजींनी सांगितलं ते इतकंच, की मामलेदार विकला गेलेला होता.

जमीन कसणाऱ्यांकडेच राहिली. पुढच्या सभेत मामंजी पुन्हा अध्यक्ष होते आणि पुन्हा कष्टकऱ्यांवर बोलले, आवाज जरासुद्धा न अडखळता. लॉरीवाला मागे उभा राहून ऐकत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मांडीवर हात ठेवून बसून राहिले, आणि शेजारी बसलेल्या सासूबाईंनी ते पाहिलं.

शेतावरून येणाऱ्या तांदळाच्या गोणी त्या वर्षापासून यायच्या बंद झाल्या. मामंजींना रेशनचा भात घशाखाली उतरत नसे. ताट पुढे सरकवून ते म्हणत, "आजकाल लोकांना नियत राहिली नाही." मी त्यांना आणखी भात वाढत असे.