जांभळं भात

डहाणूच्या बाजारातून परत आले, पिशवी ओटीवर टाकली आणि मागच्या दारातून शेतात डोकावले. बघते तर काय, घरामागचा तुकडा नुसता हिरवागार! दुसरं कुणी खूश झालं असतं. मी मात्र हादरले, कारण त्या तुकड्यातलं हिरवं तेवढंच तर उपटायचं होतं.

सांगते. आमच्या वेवजी गावच्या शेतात रानभात माजलंय. दिसायला थेट भातासारखं, पण दाणा कापणीच्या आधीच गळतो आणि पुढच्या साली दुप्पट उगवतो. भाताचाच भाऊबंद तो, त्याला मारणारं औषध भातालाही मारणार. पण आमच्या यांना कोण सांगणार? गेल्या साली तणनाशक वाढवून वाढवून मारलं. रानभात ढिम्म उभं, आणि हेच पाठीवरच्या पंपासकट बांधावर आडवे झाले. डहाणूच्या दवाखान्यात पोचेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

त्यानंतर मला कळलं की जांभळ्या पानांचंही भात असतं. ते पेरायचं आणि मधे हिरवं दिसेल ते रानभात म्हणून बिनधास्त उपटायचं. बी थोडंसंच मिळालं. पुढच्या साली सगळीकडे पुरावं म्हणून ते या एका तुकड्यात पेरलं. हे म्हणाले, "एवढं साल तुझं बघू. नाही जमलं तर मी पंप काढणार."

आणि आता त्या तुकड्यात माझी आई वाकलेली होती. माहेरून, उधव्याहून न सांगता आलेली, साडी खोचून, गुडघाभर चिखलात. बांधावर जांभळ्या रोपांचा हा एवढा ढीग.

"आये! काय केलंस हे?" मी किंचाळलेच.

"अगं बाय, अर्ध्या भाताला रोग लागलेला. पानं बघ कशी जांभळी पडलीत! पसरायच्या आधी उपटून टाकलं. तू बाजारात, जावई कामावर, म्हटलं तेवढीच मदत." आणि हसत कमरेवर हात ठेवून उभी राहिली, मी शाबासकी देईन म्हणून.

मी बांधावरच्या ढिगाकडे बोट केलं. माझं तोंड थांबेना. "अगं, तेच भात होतं! रोग कसला, जातच तशी आहे! तू ठेवलंस ते सगळं रानभात!"

"चल! जांभळं कुठे भात असतं?" तिने थट्टेवारी नेलं. माझं तोंड बघितलं तेव्हा मात्र तिचं हसू गेलं. तिने पायाशी राखलेलं एक हिरवं रोप उपटलं, उलटंपालटं केलं, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत निरखलं, तरी भातापेक्षा वेगळं काही तिला दिसेना. उधव्यात कुणाचीही बेणणी असो, शेतातलं तण काढायला पहिली हाक आईला. तिने काढलेल्या तणावर कुणी दुसऱ्यांदा नजर टाकत नाही. ती तशीच चिखलात बसली. माझी आई कामात कधी बसत नाही हो! मी धावत ढिगाशी गेले.

नशीब, आभाळ भरलेलं होतं आणि ढिगातली मुळं अजून ओली होती. "ऊठ आये," मी म्हटलं, "हिरवं उपटू आणि हे परत लावू. जगेल तेवढं जगेल." ती उठली. हिरवं भराभरा मी उपटलं, तिने एकाही रोपाला हात लावला नाही. मग ढीग मधे घेऊन दोघी लावायला लागलो.

भात कसं लावायचं ते मला हिनेच शिकवलं. आता ती ढिगातलं एकेक रोप उचलायची, माझ्यासमोर धरायची आणि विचारायची, "बाय, हे लावू?"

रोप जांभळंच होतं. तरी दरवेळी विचारत होती.