बेडकांचा खेळ आणि माझी हुकमी वाचक

तुर्भ्याच्या आमच्या शाळेत टॅबची पेटी आली, त्या दिवशी मी काडीचंही शिकवलं नाही. तिसरीचा वर्ग, अडतीस पोरं आणि टॅब फक्त सहा. पेटी घेऊन आलेल्या संस्थेच्या ताई हळूच म्हणाल्या, "मुलांना सांगा, परीक्षा नाहीये, खेळ आहे." सांगणार कोणाला? पोरं केव्हाच बाकांवरून उड्या मारून पेटीभोवती जमली होती.

पडद्यावर एक तळं, तळ्यात पानं, पानांवर अक्षरं. हेडफोनमध्ये आवाज यायचा, "ठ!" लगेच ठ लिहिलेल्या पानावर बोट ठेवलं की बेडूक तिथे उडी मारायचा. चुकलं किंवा उशीर झाला की बेडूक धपकन पाण्यात, आणि वर यायचा तो तोंडातून लांब चूळ सोडत. ती चूळ पोरांना इतकी आवडली की चारपाच जण मुद्दाम चुकायला लागले. मी ओरडणार, तेवढ्यात ताई हसल्या. "चुकू द्या. पहिला डाव आम्ही मोजतच नाही."

पुढचे डाव मात्र मोजले जायचे. मूल कुठल्या आवाजाला अडखळतं, कुठल्या अक्षरापाशी घुटमळतं, हे खेळ गुपचूप टिपून ठेवायचा. वाचण्यालिहिण्यात कोणाला अडचण आहे, याचा त्यावरून अंदाज यायचा. मला कसला अंदाज हवा होता? पहिलीपासून हा वर्ग माझाच. तीन जण मी मनात आधीच पक्के करून ठेवले होते.

दुपारी ताईंनी यादी दाखवली. माझ्या तिघांपैकी त्यात एकच. आणि यादीत सगळ्यात वर माझी हुकमी वाचक!

शाळेत पाहुणे आले की मी या मुलीलाच उभी करायचे. धडा असा वाचायची की पाहुणे चहा विसरायचे. वाघाला वाघाचा आवाज, म्हातारीला म्हातारीचा. मी ताईंना म्हटलं, "तुमचा बेडूक बिघडलाय."

"असेल," त्या शांतपणे म्हणाल्या. "हा निकाल नाही, नुसता इशारा आहे. तिने कधीच न पाहिलेलं एखादं पान वाचायला देऊन बघा ना."

मी लहान मुलांच्या मासिकातलं उंटाचं पान काढलं आणि तिला जवळ बोलावलं. तिने ऐटीत ओळीवर बोट ठेवलं आणि सुरू झाली. "एक होता उंट. त्याला पनवेलला जायचं होतं. पण रिक्षात त्याची मान मावेना. मग रिक्षावाला म्हणाला, मान बाहेर काढ, पण सिग्नल आला की आत घे."

बोट ओळीवरून बरोबर सरकत होतं. ओळ संपली की खाली उतरत होतं. पानावर उंटाच्या कुबडात चरबी कशी साठते, याची माहिती होती.

मी थांबवायला हवं होतं. पण माझ्याच्याने राहवेना. "मग?" मी विचारलं.

"मग हवालदाराने उंटाचीच पावती फाडली."

मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. ताई भिंतीला टेकून हसत होत्या. आमचं हसू ओसरलं तेव्हा मुलीने पान मिटलं. "बाई, असं लिहिलेलं नाय ना?"

"नाही गं."

"तुमी एकदा वाचता ना, तेव्हाच माझं पाठ होतं. घ आणि ध मला सेमच दिसतात. तुमी कोणाला सांगणार नाय ना?"

मग मात्र माझं मलाच कसंतरी झालं. तीन वर्षं ती एवढी कसरत करत होती आणि मी पुढे बसून टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. न्हावा शेव्याहून कंटेनर नेणारा ट्रेलर चालवायचे ते. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "म्यॅडम, डोकं कमी हाय का तिचं?"

"डोकं माझ्यापेक्षा जास्त आहे," मी म्हटलं आणि उंटाची गोष्ट सगळी सांगितली.

ते म्हणाले, "म्हंजी तीन वर्सं तुमाला गंडवलं तिनं? आख्खं पुस्तक पाठ करून?" आणि मांडीवर थाप मारून असे हसले की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या. मग त्यांनीही खेळ मागितला, तीन बेडूक बुडवले आणि तज्ज्ञांच्या तपासणीला संमती देणाऱ्या कागदावर सही केली.

तज्ज्ञांनी नीट तपासलं. बेडकाचं खरं निघालं. आठवड्यातून दोनदा एक वेगळ्या बाई तिला शिकवायला लागल्या. वाळूत अक्षरं गिरवायची, आवाज सुटे करायचे, परत जोडायचे. ते काम फार हळू चाललं. मधे ती रडलीही, कारण खोटं वाचणं कितीतरी सोपं होतं.

जानेवारीतल्या एका सकाळी मी वर्गात चहा घेऊन आले. ती दाराबाहेरच्या सूचनांच्या फळ्यासमोर उभी होती. बोट न लावता, ओठ हलवत. "शि... क्ष... कां... नी." सगळा वर्ग दारात गोळा झाला. मी कप हातात धरून तशीच थांबले. "व... र्गा... त. च... हा." मोठा श्वास. "पि... ऊ... न... ये."

ती गर्रकन वळली, माझ्या कपाकडे बघितलं आणि किंचाळली, "बाई, तुमी चुकलात!"

अडतीस पोरांनी वर्ग असा डोक्यावर घेतला की मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत ऐकू गेलं. मी तिला तेच वाक्य आणखी दोनदा वाचायला लावलं.