आफ्रिकेला वळसा

घोडबंदर रोडवरच्या एका उंच सोसायटीच्या गेटापाशी सगुणा रोज सकाळी मासळीची पाटी उतरवायची. एके दिवशी तिथल्या योगिनी मॅडम कोळंबी निवडता निवडता कुरकुरल्या, "आमचा इटलीचा ओव्हन कधीपासून येतोय येतोय म्हणतात. जहाज लांबून वळवलंय म्हणे. जगात कुणीतरी कुणाशी भांडायचं आणि भोगायचं आपण!"

"बाई, तुमचा चुला जवा येल तवा मना सांगा," सगुणा कोयता न थांबवता म्हणाली. "माझा माणूस पन तिकडंच हाय. दोघांना एकाच टेम्पोत घालून आणू."

योगिनी मॅडम खो खो हसल्या. सगुणाही हसली, पैसे कमरेला खोचले आणि पाटी उचलली. रिक्षात बसल्यावर मात्र तिने पदर तोंडावर ओढून घेतला, कारण रिक्षावाल्याला आरशातून सगळं दिसतं.

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातलं तिचं घर खाडीपासून हाकेच्या अंतरावर. एके काळी खाडीच ते घर चालवायची. मग खाडीत कारखान्यांचं पाणी उतरलं, मासा गेला, आणि तिच्या नवऱ्याने, कान्हाने, बापाची होडी विकून मालवाहू जहाजावरची नोकरी धरली. आता तो डेकवरच्या खलाशांचा मुकादम होता. त्याला बोसन म्हणतात. वर्षातला मोठा हिस्सा समुद्रावर आणि उरलासुरला घरात. त्या उरल्यासुरल्यात निम्मा वेळ झोपा काढण्यात आणि उरलेला सगुणाशी वाद घालण्यात जायचा. लोक म्हणायचे, बाईला सवय झाली असेल. कसली डोंबलाची सवय! चिखलातली मासळी, निवट्या, म्हणजे कान्हाचा जीव की प्राण. बाजारात कधी नजरेला पडल्या की सगुणा अजूनही हावरटासारखी घ्यायची आणि घरी आणून शेजारणीला देऊन टाकायची. त्याच्याशिवाय त्या तिच्या घशाखाली उतरत नसत.

यंदा तर ती त्याची वाट डोळ्यांत प्राण आणून पाहत होती. लेकीचं, दक्षताचं, लग्न ठरलं होतं, ठाकुर्लीच्या जयेशशी. कान्हाचा करार संपायची वेळ बघूनच वैशाखातला मुहूर्त धरला होता. दक्षताचं एकच मागणं होतं, "पहिली हळद पप्पांच्या हातची. बाकी बँड आणा नाहीतर नका आणू, मला काय नाय."

आणि नेमकं तेव्हाच तिकडे बिनसलं. येमेनजवळच्या लाल समुद्रात जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांवर किनाऱ्यावरून क्षेपणास्त्रं सुटू लागली. भांडण देशादेशांचं, पण सुक्याबरोबर ओलंही जळतंच. विमावाले त्या पाण्याचं नाव काढलं की तोंड फिरवू लागले. मग मोठ्या जहाजांनी सुएझचा जवळचा रस्ता सोडला आणि अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून यायला सुरुवात केली. ठाण्याहून कल्याणला जायला कुणी पुण्यावरून जावं, तसला प्रकार. तेल जास्त, दिवस जास्त, भाव जास्त. कान्हाचं जहाज तेव्हा ग्रीसच्या बंदरात उभं होतं. आफ्रिकेवरून आलं तर हळदच काय, लेकीची पाठवणीसुद्धा उरकलेली असणार होती. मधेच उतरून विमानाने यावं म्हटलं, तर बदली माणूस मिळेपर्यंत कप्तान सोडेना.

एका दुपारी कान्हाचा फोन आला. आवाजात उसनी मजा होती.

"सगुणा, काम जमतंय बघ. बाजूच्या धक्क्याला आमच्याच मालकाचं दुसरं जहाज हाय, बारकं. ते लाल समुद्रातून सरळ न्हावाशेव्याला येतंय. त्याच्यावरचा रतन नावाचा पोरगा घाबरलाय, त्याला तिकडून जायचं नाय. मी त्याच्या जागी जातो, तो माझ्या जागी येल. दोनी कप्तान तयार हायत. हळदीच्या आधी मी दारात."

सगुणाचा चेहरा फुलला. दुसऱ्या क्षणाला तिने विचारलं, "आनि त्या वाटंला मारतात ते?"

"सगळ्यांना थोडंच मारतात! रोज कितीतरी जहाजं जातात. परवा सकाळपर्यंत सांगायचंय. तू बोल, मी बॅग भरतो."

घरात सासू, रखमाबाई, सगळं ऐकत होत्या. फोन ठेवताच त्यांनी देवापुढे साखर ठेवली. त्यांच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता. त्या घरात एक रिवाज होता: नवरा-बायकोत कितीही जुंपली तरी पाण्यावर असलेल्या माणसाला बाईने 'येऊ नको' म्हणायचं नाही. पिऊ नको म्हण, उधळू नको म्हण, पण येऊ नको नाही. समुद्र चुगलखोर आहे, असं रखमाबाईंचं ठाम मत होतं. तो बाईचं बोलणं ऐकतो आणि लगेच अंमलात आणतो.

संध्याकाळी दक्षताने मोबाईलवर नकाशा उघडला. जगातलं कुठलं जहाज कुठे आहे ते त्यात दिसतं. लाल समुद्राच्या चिंचोळ्या पट्टीत रंगीत ठिपके सरकत होते. ती एकेक ठिपका दाबत होती. दाबला की जहाजाचं नाव येई, आणि त्याखाली ते कुठल्या बंदराला चाललंय ते.

"हे बघ मम्मी, गंमत. इथे बंदराचं नावच नाय. लिहिलंय, सगळे खलाशी भारतीय."

"असं कशाला लिवलंय?"

दक्षताने नकाशा मोठा करून पाहिला. मग हळूच म्हणाली, "म्हणजे, आमच्यावर मारू नका. आमचं तुमचं काय भांडण नाय. मारणाऱ्यांनी वाचावं म्हणून लिहितात गं."

सगुणाने मोबाईल हातात घेतला. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी ती त्या अक्षरांकडे बघत राहिली. असल्या जहाजाच्या डेकवर दोर आवळत उभा असलेला कान्हा तिला दिसला. जन्मात कुणापुढे हात न जोडलेला माणूस, दंडेलीत बापालाही न जुमानलेला. त्याने अशी पाटी गळ्यात बांधून चोरासारखं यायचं, कशासाठी, तर लेकीच्या गालाला हळद लावायला. तिला तो हवा होता. इतका हवा होता, की तिने मोबाईल उलटा ठेवला. आपल्याला त्याची ओढ आहे म्हणून आपण त्याला त्या पट्टीत लोटायचं, हे तिला जमेना. आणि नाही म्हणायचं, तेही जमेना.

दुसऱ्या दिवशी तिने बाजार केला, मासळी विकली, दोन गिऱ्हाइकांशी कडाकडा भांडली. घरी येऊन हातपाय धुतले आणि फोन लावला.

"तुमी येऊ नका," ती म्हणाली. "त्या वाटनं येऊ नका. लांबनं या."

 मग कान्हा म्हणाला, "पोरीला काय सांगू?"

"पोरीला मी सांगते."

आतल्या खोलीत रखमाबाईंच्या हातातलं सूप आपटलं. "तुझी जीभ झडली नाय?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि तेव्हापासून सुनेशी बोलणं बंद. चहासुद्धा स्वतःचा स्वतः करून पिऊ लागल्या. दक्षता रागावली नाही, ते सगुणाला जास्त लागलं. पोरीने फक्त हळदीच्या पत्रिकेतली वेळ पुन्हा एकदा वाचली आणि पत्रिका कपाटात ठेवून दिली.

हळदीच्या दिवशी दारात मांडव पडला. पहिली हळद रखमाबाईंनी लावली, बापाची आई म्हणून. बेंजो वाजायला लागला, बायका नाचायला लागल्या, सगुणाही नाचली. वधूची आई नाचली नाही तर कोळीवाडा काय म्हणेल?

ऊन उतरता उतरता मांडवात एक अनोळखी माणूस आला. खांद्याला बॅग, हातात पुडकं.

"मी रतन," तो म्हणाला. "कान्हाभाऊंनी ही ओढणी दिलीय, दक्षतासाठी. आमचं जहाज काल न्हावाशेव्याला लागलं."

सगुणाने पुडकं हातात घेतलं. हाच तो. ज्याच्या जागी कान्हा येणार होता, तो. धडधाकट, वेळेवर, तिच्या मांडवात.

"वाटेत काय झालं?" रखमाबाईंनी विचारलं.

"काय नाय झालं, आजी. पाणी शांत होतं."

म्हातारीने सुनेकडे पाहिलं.  सगुणाने रतनला पाटावर बसवलं, पान वाढलं. त्याने पहिला घास हातात घेतला आणि खाली ठेवला.

"काकी, त्या पट्टीतून बाहेर पडेपर्यंत मी जेवलो नाय. बूट घालून झोपायचो. कान्हाभाऊ आले असते तर बरं झालं असतं, असं रोज वाटायचं. मग माझीच मला लाज वाटायची."

सगुणाने त्याच्या पानात माशाची आणखी एक तुकडी वाढली. "जेव," म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. कान्हाचं जहाज अजून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यालाच होतं. आवाज तुटत तुटत येत होता. सगुणा मांडवाच्या कडेला गेली.

"रतन पोचला का?"

"पोचला. जेवतोय."

"म्हणजे मी पन पोचलो असतो."

"हां. पोचला असता."

 मग कान्हाने विचारलं, "सगुणा, चुकलं का आपलं?"

तिला हुंदका फुटला. तो तिने लपवला नाही. बायका बघत होत्या, बघू देत.

"मना नाय ठावं," ती म्हणाली. "आज तुमी हवे होतात, येवढंच मना ठावं."

तिने फोन बंद केला नाही. बेंजोवाल्याच्या जवळ एका खुर्चीवर ठेवला, आणि पलीकडे कान्हा लेकीची हळद ऐकत राहिला.